सावध आशेचे भाषांतर

‘या गृहस्थांशी व्यवहार करता येईल,’ हे ब्रिटनच्या तत्कालीन पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांचे मिखाईल गोर्बाचेव यांच्याविषयीचे उद्गार सर्वश्रुत आहेत. शीतयुद्धाच्या अखेरीविषयी लिहिणारा क्वचितच एखादा लेखक ते उद्धृत केल्यावाचून पुढे जातो. तथापि त्या वाक्याच्या आधी थॅचरबाईंनी आणखी एक छोटेसे वाक्य उच्चारले होते, याचे स्मरण फारसे कोणी ठेवलेले नाही. ‘मी सावधपणे आशावादी आहे,’ अशा अर्थाचे ते वाक्य होते. इतिहासाच्या दृष्टीने आणि श्रद्धेच्याही दृष्टीने आम्हांला ते विस्मृत वाक्य अधिक मोलाचे वाटते.

त्याचे मोल जाणण्यासाठी तो काळ डोळ्यांपुढे आणावयास हवा. १ सप्टेंबर १९८३ रोजी सोव्हिएत लढाऊ विमानाने दक्षिण कोरियाचे एक प्रवासी विमान पाडले आणि त्यातील सर्व २६९ जण मृत्युमुखी पडले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पश्चिम युरोपात अमेरिकेची नवी क्षेपणास्त्रे दाखल होऊ लागताच सोव्हिएत प्रतिनिधी जिनिव्हा येथील शस्त्रकपातीच्या वाटाघाटी सोडून निघून गेले. दोन्ही महासत्तांपाशी अवघी मानवजात नष्ट करण्याइतकी अण्वस्त्रे होती. नव्हता तो परस्परांच्या शब्दावरील विश्वास.

अशा वेळी, डिसेंबर १९८४ मध्ये, सोव्हिएत संसदीय शिष्टमंडळाचे प्रमुख म्हणून ५३ वर्षांचे गोर्बाचेव पत्नी राइसा यांच्यासह ब्रिटनला आले. ते तेव्हा पॉलिटब्यूरोचे सदस्य होते. सर्वोच्च पद अद्याप त्यांच्याकडे आले नव्हते. १६ डिसेंबर रोजी चेकर्स या पंतप्रधानांच्या ग्रामीण निवासस्थानी उभयतांची भेट झाली. तो दिवस आगमनकाळातील तिसरा रविवार, म्हणजे ख्रिस्तसभेच्या उपासनेतील आनंदाचा रविवार होता. हा केवळ योगायोग. परंतु वाट पाहण्याच्या काळातही आनंद करावा असे सुचविणाऱ्या त्या दिवशी ही भेट घडावी, याची नोंद घ्यावीशी वाटते.

दुसऱ्या दिवशी बीबीसीच्या जॉन कोल यांनी शांततेच्या भवितव्याविषयी विचारले असता थॅचरबाईंनी ते प्रसिद्ध उत्तर दिले. आम्हां दोघांचाही आपापल्या राज्यपद्धतीवर दृढ विश्वास आहे, आम्ही एकमेकांना बदलू शकणार नाही, परंतु पुन्हा युद्ध होऊ नये यात दोघांचेही हित आहे, असा त्यांच्या पुढील बोलण्याचा आशय होता. सावधपणा आणि आशा या दोहोंचा खुलासाच त्यांनी केला होता. मतभेद झाकून ठेवले नव्हते आणि दारही लावून घेतले नव्हते.

आता असे वाक्य रशियन भाषेत न्यावयाचे झाल्यास काय होते ते पाहू. इंग्रजीत ‘आशावादी’ या विशेषणास ‘सावधपणे’ हे क्रियाविशेषण सहज जोडता येते. शब्दाला शब्द ठेवून केलेली तशी रचना रशियन कानाला अवघडल्यासारखी वाटते. तेथे ‘मी सावध आशावाद बाळगतो’ अशा धर्तीवर नामाचा आश्रय घेणे अधिक स्वाभाविक. त्यासाठी दोन विशेषणे हाताशी असतात. एक ‘अस्तारोझ्नी’, म्हणजे सावध. दुसरे ‘स्देर्झानी’, म्हणजे आवरून धरलेला, संयत. दोन्ही शब्द रूढ आहेत, दोन्ही बरोबर आहेत. परंतु त्यांची वजने निराळी. सावध मनुष्याची दृष्टी बाहेरच्या धोक्याकडे असते. संयत मनुष्य स्वतःच्या मनाचा लगाम खेचून धरतो. म्हणून दुसरा शब्द वापरला की आशेला थोडा थंडपणा येतो. पहिल्या शब्दाचे मूळ तर मोठे अर्थपूर्ण आहे. ‘स्तोरोझ’ म्हणजे पहारेकरी. त्याच शब्दकुळातून ‘अस्तारोझ्नी’ आला आहे. रशियन माणूस सावध आशा बोलून दाखवतो, तेव्हा त्याच्या शब्दात एक पहारेकरी उभा असतो.

‘व्यवहार’ या शब्दाचीही अशीच कथा. इंग्रजी शब्दाला दुकानदारीचा वास आहे, आणि थॅचरबाई ग्रँथम गावच्या एका किराणा दुकानदाराच्या कन्या होत्या. रशियनमध्ये ‘यांच्याशी द्येलो ठेवता येते’ असे भाषांतर रूढ झाले. ‘द्येलो’ म्हणजे काम, कार्य, प्रकरण. त्यात नफ्यातोट्याचा सूर नाही. आपला ‘व्यवहार’ हा शब्द मात्र देवघेव आणि वर्तन या दोन्ही अर्थांना सामावून घेतो, हे मराठीचे भाग्य म्हणावे लागेल.

शब्द बरोबर असूनही आशय हरवला तर काय होते, याचा अनुभव जगाने पूर्वी घेतला होता. १८ नोव्हेंबर १९५६ रोजी मॉस्कोत पाश्चात्त्य राजदूतांसमोर निकिता ख्रुश्चेव ‘आम्ही तुम्हांला पुरू’ असे म्हणाले. आम्ही तुमच्यामागे टिकून राहू, इतिहास आमच्या बाजूने आहे, असा त्या बोलण्याचा रोख होता. दुभाष्याने शब्दशः भाषांतर केले आणि पश्चिमेच्या कानी ती संहाराची धमकी म्हणून पडली. ती भीती वर्षानुवर्षे टिकली.

चेकर्सनंतर मात्र शब्द कामी आले. २२ डिसेंबर १९८४ रोजी थॅचरबाईंनी कॅम्प डेव्हिड येथे अध्यक्ष रेगन यांना आपले मत सांगितले. ११ मार्च १९८५ रोजी गोर्बाचेव सर्वोच्च पदी आले. मार्च १९८७ मध्ये थॅचरबाई रशियाला गेल्या, झागोर्स्कच्या (आजच्या सेर्गियेव पोसादच्या) मठात त्यांनी मेणबत्ती लावली, आणि सोव्हिएत दूरचित्रवाणीने त्यांची मुलाखत काटछाट न करता दाखविली. ८ डिसेंबर १९८७ रोजी वॉशिंग्टन येथे मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांविषयीच्या करारावर सह्या झाल्या. त्या प्रसंगी शब्दांचा प्रवास उलट दिशेने झाला. लेखिका सुझॅन मॅसी यांच्याकडून शिकलेली ‘दवेर्याय, नो प्रवेर्याय’ ही रशियन म्हण रेगन यांनी ऐकविली: विश्वास ठेव, पण पडताळून पाहा. ‘प्रत्येक भेटीत तुम्ही हेच सांगता,’ असे गोर्बाचेव यांनी म्हणताच सभागृहात हशा पिकला. मात्र म्हण विनोदापुरती राहिली नाही. परस्परांच्या तळांवर तपासनीस गेले आणि १ जून १९९१ पर्यंत २,६९२ क्षेपणास्त्रे नष्ट करण्यात आली. दरम्यान १ डिसेंबर १९८९ रोजी गोर्बाचेव व्हॅटिकनमध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांना भेटले आणि १९९० मध्ये सोव्हिएत संघात धर्मस्वातंत्र्याचा कायदा झाला. कित्येक दशके लपूनछपून प्रार्थना करणाऱ्यांना उघडपणे वेदीपाशी येता आले.

हे सारे कायम टिकले नाही, हेही सांगितले पाहिजे. तो करार २ ऑगस्ट २०१९ रोजी संपुष्टात आला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. मग ती आशा भाबडी होती काय? आम्हांला तसे वाटत नाही. नष्ट झालेली क्षेपणास्त्रे नष्टच झाली आणि उघडलेल्या मंदिरांत बाप्तिस्मे झाले. पहारा सुटला म्हणून आधी दिलेला पहारा व्यर्थ ठरत नाही.

रशियन लोकांची एक म्हण आहे: देवावर आशा ठेव, पण स्वतः गाफील राहू नकोस. दुधाने पोळलेला ताकही फुंकून पितो असे आपण म्हणतो. तो बिचारा रशियात पाणी फुंकून पितो. सावधपणाचा अनुभव सर्वत्र सारखाच. परंतु फुंकर घालणारा शेवटी पितो, हे विसरू नये. जो पिण्याचेच सोडतो, तो सावध नव्हे, निराश होय.

श्रद्धा, आशा आणि प्रीती ही आपण ईश्वराची देणगी मानतो. परिस्थिती अनुकूल दिसली म्हणून वाटतो तो आशावाद. परिस्थिती प्रतिकूल असतानाही देवाच्या वचनावर विसंबते ती आशा. स्तोत्रकर्त्याने प्रभूची प्रतीक्षा करणाऱ्या जिवाला पहाटेची वाट पाहणाऱ्या पहारेकऱ्याची उपमा दिली आहे. पहारेकरी अंधार नाकारीत नाही, आणि पहाट होणार याविषयी शंकाही घेत नाही. आपल्या गावांत शेताच्या बांधावरून भावाभावांत वर्षानुवर्षे अबोला असतो. तेव्हा निरोप घेऊन या घरातून त्या घरात जाणारा प्रत्येक मध्यस्थ दुभाषाच असतो. ‘विचार करीन, पण खात्री हवी,’ असे थोरल्याने म्हटले, तर धाकट्यास केवळ ‘खात्री हवी’ एवढेच सांगू नये. ‘विचार करीन’ हेही पोहोचवावे. आशा आणि सावधपणा, दोन्ही वजने जशीच्या तशी पलीकडे नेणे, हीच शांतिदूताची सेवा होय.