नोंदवहीतला रिकामा रकाना

सरकारी यंत्रणेत जे मोजले जाते तेच घडते, हा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला नोकरीत मिळणारा पहिला धडा. या धड्याची किंमत कोणी मोजली, हे पाहायचे असेल तर आपल्या कुटुंबनियोजन कार्यक्रमाचा इतिहास चाळावा.

गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना सुमारे १० ते १२ सेंटिमीटर लांबीची एकेक बीजवाहिनी असते. गर्भधारणेचा आरंभ तिच्यातच होतो. ती बांधून कापणे किंवा दुर्बिणीतून तिच्यावर कडी चढवणे म्हणजे स्त्री-नसबंदी. ही एका अर्थी हेतुपूर्वक केलेली इजाच आहे. म्हणून ती कशी भरून येते, हे पाहण्याची जबाबदारी करणाऱ्यावरच येते.

१९५२ मध्ये भारताने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात ८२ लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या. त्यांत सुमारे ६२ लाख पुरुषांच्या होत्या. १९७७ च्या निवडणुकीत त्याचा हिशेब चुकता झाला. पुरुषांच्या शस्त्रक्रियेला हात लावण्याचे धैर्य त्यानंतर कोणालाच उरले नाही आणि सारा भार मुकाट्याने स्त्रीकडे सरकला. १९८० च्या दशकात ‘बिनटाक्याची’ शस्त्रक्रिया शिबिरांत रुळली. काही मिनिटांचे काम, म्हणून आकडा मोठा. १९९६ मध्ये केंद्राने उद्दिष्टे रद्द केली, तरी आकड्यांची सवय सुटली नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्क्यांची, तर पुरुषांपैकी अवघ्या ०.३ टक्क्यांची नसबंदी झालेली आढळली.

शस्त्रक्रिया झाली की नोंद होते. पुढचा रकाना मात्र बहुधा रिकामा राहतो. हरियाणातील एका मजूर स्त्रीवर १९८८ मध्ये सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली आणि तरीही तिला मूल झाले. उजवी बीजवाहिनीच तेवढी बांधली होती. डावीला हातही लागला नव्हता. शासनाने सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा दिला. २००० मध्ये न्यायालयाने ५४ हजार रुपयांची भरपाई कायम केली. कागदोपत्री मात्र ती १९८८ सालीच ‘यशस्वी’ ठरली होती!

२००५ मध्ये रमाकांत राय प्रकरणात न्यायालयाने डॉक्टरांची मान्यताप्राप्त यादी, तपासणीसूची, गुणवत्ता समित्या आणि विमा यांचे आदेश दिले. तरीही जानेवारी २०१२ मध्ये बिहारच्या अररिया जिल्ह्यात एका शाळेत एकाच शल्यचिकित्सकाने सुमारे दोन तासांत ५३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया केल्या. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यातील एका शिबिरात ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यानंतर डझनाहून अधिक स्त्रिया दगावल्या. अखेर १४ सप्टेंबर २०१६ रोजी देविका बिस्वास प्रकरणात न्यायालयाने तीन वर्षांत शिबिरे बंद करण्यास सांगितले.

नियम नव्हते असे मात्र नाही. केंद्राच्या मानकांनुसार ४८ तासांत पहिली भेट, सातव्या दिवशी टाके व जखमेची तपासणी, महिन्याने किंवा पहिल्या पाळीनंतर तिसरी तपासणी आणि मगच प्रमाणपत्र. ताप, वाढती पोटदुखी, रक्तस्राव किंवा पू दिसल्यास थांबू नये. पाळी चुकली तर ताबडतोब तपासणी करावी. कारण अशा वेळी गर्भ बीजवाहिनीतच अडकण्याचा संभव मोठा असतो आणि नलिका फुटली तर जिवावर बेतते. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या अभ्यासात दहा वर्षांत हजारी सुमारे १८ स्त्रियांना पुन्हा गर्भधारणा झाली. त्यांतील तिसरा हिस्सा असाच गर्भाशयाबाहेरचा होता.

बदलीच्या नोकरीमुळे परमुलखात राहणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांत लेक बाळंतपणाला माहेरी जाते, शस्त्रक्रिया तिथेच उरकते आणि टाके सुकण्याआधी परतीची गाडी पकडते. तिची नोंद एका राज्यात, दुखणे दुसऱ्या. कागद तिच्या हाती असावेत आणि महिन्याची तपासणी जिथे असेल तिथे व्हावी, एवढे तरी घरच्यांनी पाहावे.

प्रशासनासाठी उपाय साधा आहे. काम पूर्ण झाले असे सुरी खाली ठेवल्यावर नव्हे, तिसऱ्या भेटीनंतर मानावे. रकाना छापलेला आहेच. तो भरला जातो का, एवढेच विचारायचे आहे.