मुंबईचें न झालेलें वादळ

६ जून १८८२ रोजीं अरबी समुद्रांतून भयंकर चक्रीवादळ मुंबईवर आदळलें आणि एक लक्ष माणसें प्राणांस मुकलीं, अशी नोंद जगांतील मोठमोठ्या आपत्तींच्या याद्यांत आपणांस आढळेल. एकाचें पाहून दुसऱ्यानें उतरून घेतल्यामुळें तिला प्रतिष्ठाही आली आहे. मात्र हें वादळ झालेंच नाहीं.

साधें त्रैराशिक मांडून पाहावें. १८८१ च्या खानेसुमारींत मुंबईची वस्ती ७,७३,१९६ होती. लक्ष माणसें मेलीं असतीं तर दर आठ जणांत एक गेला असता. गिरगांवांतील एकाही वाडीचें सुतक चुकलें नसतें. टाइम्स ऑफ इंडिया तेव्हां निघत होता, पुण्यास केसरीही सुरू झाला होता. अशा आकांताची खूण तेथें उमटल्यावांचून कशी राहील? शिवाय कुलाब्याची वेधशाळा १८२६ पासून उभी होती व चार्ल्स चेंबर्स तिचे प्रमुख होते. वादळ जवळ आलें कीं वायुभारमापकाचा पारा उतरतो, आणि पाऱ्यास अतिशयोक्ति ठाऊक नसते.

कोलंबिया विद्यापीठांतील वातावरणशास्त्रज्ञ ॲडम सोबेल व त्यांचे सहकारी यांनीं या गोष्टीचा माग काढला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेंतील संशोधकही त्यांत होते. जुने अहवाल व वृत्तपत्रें पाहून २०१९ सालीं त्यांनीं निर्णय दिला कीं, असें वादळ झालें नाहीं. हवेच्या शास्त्रज्ञानें इतिहासाचें दप्तर तपासावें, याचें मला मोठें कौतुक वाटतें. आम्हीं शिक्षकांनीं सनावळ्या पाठ करून घेतल्या. सन कोठून आला हें विचारणारा विद्यार्थी वर्गांत विरळाच.

पण त्यांनीं पुढला प्रश्नही घातला : तसें वादळ होऊं शकेल काय? अरबी समुद्रांतील वादळें बहुधा पावसाळ्याच्या आधीं वा नंतर उठतात, आणि ओमानकडे किंवा गुजराथकडे जातात. ऐन पावसाळ्यांत खालचे व वरचे वारे निरनिराळ्या दिशांचे असल्यामुळें भोवरा उभा राहत नाहीं. म्हणून मुंबईवर थेट आलेलीं वादळें थोडीं. नोव्हेंबर १९४८ चें मात्र शहराचें पुष्कळ नुकसान करून गेलें. इतक्या तुरळक उदाहरणांवरून अनुमान बांधणें कठीण. यास्तव अलीकडच्या काळांतील हवेची व समुद्राची स्थिति संगणकांत घालून त्यांनीं कल्पित वादळें मोठ्या संख्येनें निर्माण केलीं व तीं कोठें जातात तें पाहिलें. नोंदींतील कोणत्याही वादळाहून उग्र अशीं कांहीं त्यांत निघालीं.

३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' वादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्याला लागलें व मुंबई थोडक्यांत वांचली. तारीख पाहिलीत? त्या बनावट वादळाच्या तारखेहून अवघे तीन दिवस आधींची!

वारा समुद्राचें पाणी किनाऱ्यावर लोटतो, ती खरी धास्ती. वरळीचा बांध १७८४ च्या सुमारास पुरा होईपर्यंत भरती बेटांमधल्या खाजणांत शिरत असे. आजही परळ-दादरच्या सखल भागांत, हिंदमातेपाशीं, भरतीच्या वेळीं पावसाचें पाणी समुद्राकडे जात नाहीं, हें लालबागकरांस सांगावयास नको. समुद्रच उलटून आला तर तेथें पाणी किती चढेल, हें वादळ ओहोटीस आलें कीं उधाणाच्या भरतीस, एवढ्या सहा तासांच्या फरकावर ठरेल.