खटाव-माणचे तलाव आणि रोहित पक्षी

साताऱ्यातील खटाव-माण आणि सांगलीतील आटपाडी हे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. महाबळेश्वरला धो धो पाऊस कोसळत असताना इकडे वर्षभरात ५०० मिलिमीटरच्या आसपासच पाणी पडते. अशा मुलखात रोहित पक्षी उतरू लागले, ते माणसाने बांधलेल्या तलावांमुळे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रज सरकारने येरळा व माण नद्यांच्या खोऱ्यांत सिंचनाची कामे काढली. मायणी आणि नेर हे तलाव त्याच काळातले. म्हसवडजवळच्या राजेवाडी तलावाच्या बांधावर १८७६-७७च्या दुष्काळात अन्नाला मोताद झालेल्या माणसांनी माती वाहिली. आज पाखरे पाहायला येणाऱ्याने त्या घामाची आठवण ठेवायलाच हवी. येरळवाडीचे धरण स्वातंत्र्यानंतरचे.

पुढे या तलावांत गाळ साचत गेला. शेतकऱ्याचे पाणी त्यामुळे घटले, पण पाखरांना उथळ काठ मिळाले. रोहित चोच उलटी धरून चिखल-पाणी गाळतो आणि त्यातले शेवाळ व सूक्ष्म जीव टिपतो. पाय टेकतील एवढेच पाणी त्याला सोयीचे. म्हणूनच तलाव तुडुंब भरला की थवे तिथे थांबत नाहीत आणि तो कोरडा पडला तरीही नाहीत. यंदा मायणीला, तर पुढच्या वर्षी येरळवाडी किंवा सूर्याचीवाडीच्या तलावावर, असा त्यांचा मुक्काम बदलतो. एका वर्षी एखाद्या तलावावर रोहित दिसले नाहीत, तर त्यांनी हा मुलूख सोडला असे म्हणणे घाईचे आहे. भारतात ते कच्छच्या रणात वीण घालतात. हिवाळ्यात चक्रवाक आणि हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंबही या भागात उतरतात.

मायणीला लोक फार पूर्वीपासून पक्षी अभयारण्य म्हणत आले. अधिकृतपणे मात्र २०२१मध्ये राज्य सरकारने येथे पक्षी संवर्धन राखीव क्षेत्र घोषित केले. पाखरे तलाव बदलत राहतात, त्यामुळे एका तलावापुरते संरक्षण अपुरे आहे. परिसरातले सगळेच पाणसाठे जपले पाहिजेत.

भेटीसाठी डिसेंबर ते मार्च हा काळ चांगला. साताऱ्याहून वडूजमार्गे किंवा सांगलीहून विट्यामार्गे मायणी गाठता येते. निघण्यापूर्वी कोणत्या तलावात किती पाणी आहे, हे गावकऱ्यांकडून किंवा वनविभागाकडून विचारून घ्यावे. पहाटे पोहोचावे, दुर्बीण जवळ ठेवावी आणि थव्यापासून लांब राहावे. छायाचित्रासाठी त्यांना उडवू नये. प्रत्येक उड्डाणात त्यांची शक्ती खर्च होते आणि चरणेही थांबते.