पेलेच्या गेममध्ये पेले नव्हता

१९८० च्या सुमारास अटारीने आपल्या २६०० या घरगुती कन्सोलसाठी फुटबॉलचा एक गेम काढला. पुढे तो 'पेलेज सॉकर' या नावाने विकला गेला. खोक्यावर जगातल्या सर्वांत प्रसिद्ध फुटबॉलपटूचं नाव, आणि कार्ट्रिज लावलं की टीव्हीवर प्रत्येक टीमचे तीन ठोकळे, शिवाय गोलात एक. हे तीन ठोकळे त्रिकोणात जणू दोरीने बांधलेले होते. एक हलला की तिघंही हलायचे. कॅरमच्या सोंगट्यांनासुद्धा याहून जास्त स्वातंत्र्य असतं. यातला पेले कोणता? कोणताच नाही. नाव विकत घेतलं होतं, माणूस आत आलाच नव्हता.

फुटबॉल गेम्सचा इतिहास सांगताना बहुतेक वेळा ग्राफिक्सचा इतिहास सांगितला जातो. आधी ठोकळे होते, मग हातपाय आले, मग गवत हिरवंगार झालं, आता कपाळावरचा घामही दिसतो. हे सगळं खरं आहे, पण मला दुसरा इतिहास जास्त रंजक वाटतो. स्क्रीनवरचा माणूस 'एक खेळाडू' न राहता 'हाच तो खेळाडू' कधी झाला? याची परीक्षा सोपी आहे. सेटिंगमध्ये जाऊन खेळाडूच्या डोक्यावरचं नाव बंद करा, कॅमेरा लांब न्या आणि निव्वळ चालीवरून बॉल कोणाकडे आहे ते ओळखून दाखवा. ग्राफिक्स कितीही चांगले असले तरी या परीक्षेत भलेभले गेम नापास होतात.

सुरुवातीला भांडण खेळाडूचं नव्हतंच, बॉलचं होतं. जुन्या गेम्समध्ये बॉल पायाला गोंदाने चिकटवल्यासारखा असायचा. १९८९ साली डिनो डिनीच्या 'किक ऑफ'ने तो सोडवला. पळता पळता वळलात तर बॉल पुढे निघून जायचा. गेम एकदम अवघड झाला आणि एकदम फुटबॉल वाटायला लागला. १९९२ च्या 'सेन्सिबल सॉकर'मध्ये खेळाडू वरून मुगाच्या दाण्याएवढे दिसायचे, पण त्यांच्या केसांचा आणि कातडीचा रंग वेगवेगळा होता. एवढ्यावर पोरं खूश होती.

१९९३ मध्ये ईए स्पोर्ट्सचा पहिला 'फिफा' आला. त्यांच्याकडे फिफा या संस्थेचं लायसन्स होतं, खेळाडूंचं नव्हतं, म्हणून सगळी नावं बनावट. ब्राझीलच्या टीममधला स्टार होता जँको टियानो. हे नाव गेमवर काम करणाऱ्या जॅन टियान या प्रोग्रामरच्या नावावरून केलेलं. कोड लिहिणाऱ्याने स्वतःलाच ब्राझीलची पिवळी जर्सी घातली, याचा मला जरा हेवाच वाटतो. 'फिफा ९६'पासून खेळाडूंच्या आंतरराष्ट्रीय युनियनशी, म्हणजे फिफप्रोशी करार करून खरी नावं आली. पण नाव बदललं म्हणून चाल बदलत नाही. पळायला लागले की सगळे सारखेच दिसायचे.

त्याच काळात जपानच्या कोनामी कंपनीकडे लायसन्स नव्हतं, आणि त्यांनी उलटा रस्ता धरला. त्यांच्या 'इंटरनॅशनल सुपरस्टार सॉकर'मध्ये ब्राझीलच्या ७ नंबरच्या जर्सीत अलेहो नावाचा स्ट्रायकर होता. असा माणूस जगात नाही. १९९४ च्या वर्ल्डकपमध्ये ब्राझीलचा ७ नंबर बेबेतोकडे होता, त्यामुळे लोकांनी आपापसात हिशेब जुळवून घेतला. पण अलेहोच्या पायात बॉल आला की समोरच्याच्या पोटात गोळा यायचा, आणि त्यासाठी त्याला बेबेतोच्या नावाची गरज लागली नाही. ब्राझीलमध्ये आजही अलेहोवर मीम बनतात.

कोनामीच्या टोकियोतल्या टीमने पुढे हेच तंत्र वाढवत नेलं. शिंगो ताकात्सुका, म्हणजे चाहत्यांचा 'सीबास', या टीमचा म्होरक्या. जपानात त्यांचा गेम 'विनिंग इलेव्हन' म्हणून चालायचा, २००१ पासून युरोपात 'प्रो इव्होल्यूशन सॉकर' म्हणून. आपल्याकडे तो सायबर कॅफेत आणि हॉस्टेलच्या कॉम्प्युटरवर 'पेस' या नावाने पोचला, बहुतेकदा पायरेटेड सीडीवरून. लायसन्सच्या बाबतीत आनंदीआनंद होता. लिव्हरपूलचं नाव 'मर्सीसाइड रेड', चेल्सीचं 'लंडन एफसी', आणि रॉबर्टो कार्लोसचा एके काळी 'रॉबर्टो लार्कोस'. पोरं स्वतः बसून एडिट मोडमध्ये एकेक नाव दुरुस्त करायची. दुरुस्त केलेल्या फाइलला 'ऑप्शन फाइल' म्हणत आणि ती मेमरी कार्डवरून मित्राकडे जायची.

एवढा खटाटोप कशासाठी? कारण नावाखालचा माणूस खरा होता. पेसमध्ये खेळाडूचा वेग हा एकच आकडा नव्हता. पळायला लागतानाचा वेग वेगळा, पूर्ण जोरात असतानाचा वेगळा आणि बॉल पायात घेऊन पळतानाचा आणखी वेगळा. त्यामुळे बॉलशिवाय वाऱ्यासारखा सुटणारा, पण बॉल मिळताच अडखळणारा विंगर गेममध्येही तसाच असायचा. कमजोर पायाला दोन आकडे: त्या पायाने मारलेला बॉल किती नेमका जाईल, आणि तो पाय वापरायला खेळाडू मुळात किती तयार होईल. ही दुसरी गोष्ट मला फार हुशारीची वाटते, कारण ती कौशल्याची नाही, स्वभावाची आहे. एडिट मोडमध्ये ड्रिब्लिंगची ढब, फ्री-किक घेण्याची ढब, पेनल्टीची ढब वेगवेगळी निवडता यायची. शिवाय मॅचआधी प्रत्येकाच्या नावापुढे बाण यायचा: लाल आणि वर असेल तर आज गडी फॉर्मात, खाली झुकला तर बाकावर बसवा. मोबाइलवर ईफुटबॉल खेळणाऱ्यांना हे बाण ओळखीचे असतील. ते तिथूनच आले आहेत.

महत्त्वाचं म्हणजे हे आकडे नुसते कागदावर नव्हते. ते थेट अंगठ्याला जाणवायचे. रिकेल्मेला पळवायला गेलात तर वैताग यायचा. त्याला उभं ठेवून, अंग मध्ये घालून बॉल राखलात आणि मग पास दिलात, की कळायचं हा माणूस असाच वापरायचा असतो. खेळणाऱ्याला खेळाडूशी जुळवून घ्यावं लागायचं. सगळ्यांना एकाच पद्धतीने हाकणारा हरायचा.

चांगल्यांचं असं, तर सुमारांचंही. 'मास्टर लीग' सुरू केली की हाती एक काल्पनिक, गरीब टीम यायची: कास्तोलो, मिनांदा, हिमेलेझ, गोलात इवारोव. पैसे नसल्यामुळे पहिले काही महिने यांच्यावरच काढावे लागत. मिनांदाचा पास बरा आहे, कास्तोलोला बॉक्समध्ये बॉल मिळाला तर कधीमधी गोल होतो, हे हळूहळू समजायचं. जगात नसलेल्या या लोकांची नावं माझ्या पिढीला शाळेतल्या हजेरीसारखी पाठ आहेत.

आणि मग आद्रियानो. २००६ च्या 'पेस ६'मध्ये इंटर मिलानच्या या स्ट्रायकरच्या शॉटच्या ताकदीचा आकडा होता ९९, म्हणजे कमाल. कुठूनही डाव्या पायाने मारा, गोलकीपरचे हात मागे जायचे. मित्रामित्रांत 'इंटर घ्यायचं नाही' असा नियमच असायचा. नाव बंद करा, कॅमेरा चंद्रावर न्या, तरी तो आद्रियानो आहे हे कळायचं.

पण मैदानावरचा आद्रियानो तेव्हा कुठे होता? २००४ च्या जुलैमध्ये कोपा अमेरिकाच्या फायनलला त्याने अर्जेंटिनाविरुद्ध अगदी अखेरच्या क्षणी बरोबरीचा गोल केला, ब्राझील पेनल्टीवर जिंकलं, आणि काही दिवसांतच त्याचे वडील गेले. त्यानंतर आपण फुटबॉलवर पूर्वीसारखं प्रेम करूच शकलो नाही, असं त्याने नंतर मोकळेपणाने सांगितलं आहे. २००६ मध्ये तो दारूशी आणि दुःखाशी झुंजत होता, गोल आटत चालले होते. गेममधला ९९ मात्र जागचा हलला नाही. पेसने त्याचा डावा पाय इतका हुबेहूब पकडला की माणूस मागे राहिला आणि पाय अमर झाला. आज कितीतरी लोकांना आद्रियानो आठवतो तो या आकड्यामुळे. हा सन्मान आहे की अन्याय, याचं उत्तर मला एका वाक्यात देता येत नाही.

आपली प्रतिमा कोणाच्या मालकीची हा प्रश्न एका गोलकीपरने कोर्टात नेला. ईएच्या २००२ च्या वर्ल्डकप गेममध्ये ऑलिव्हर कान होता, पण त्याची स्वतःची परवानगी कोणी घेतली नव्हती. २००३ मध्ये हॅम्बर्गच्या न्यायालयाने कानच्या बाजूने निकाल दिला. युनियनशी करार केला म्हणून प्रत्येक माणूस विकत मिळत नाही, असा त्याचा साधा अर्थ. २०२० च्या नोव्हेंबरात झ्लाटान इब्राहिमोविचने ट्विटरवर तोच सवाल टाकला, की माझं नाव आणि चेहरा वापरायची परवानगी दिली कोणी? गॅरेथ बेलनेही त्याला दुजोरा दिला. मधल्या काळात लायसन्सचा धंदा अवाढव्य झाला होता, सवाल मात्र तिथेच होता.

दरम्यान तराजू फिरला. २००८ नंतर, नव्या कन्सोलवर, पेसचा पाय घसरला आणि ईएने उचल खाल्ली. 'फिफा ११'मध्ये त्यांनी 'पर्सनॅलिटी प्लस' आणलं. नावातच कबुली होती की आजवर पर्सनॅलिटी कमी पडत होती. 'फिफा १२'मध्ये दोन शरीरांची धडक भौतिकशास्त्राने ठरू लागली (आणि पडलेले खेळाडू एकमेकांचं चुंबन घेताहेत असे व्हिडिओ जगभर फिरले). मेस्सी आधी पेसच्या मुखपृष्ठावर असायचा, 'फिफा १३'पासून तो इकडे आला. 'फिफा १८'साठी क्रिस्तियानो रोनाल्डोच्या अंगावर सेन्सर लावून त्याचं पळणं, वळणं टिपलं गेलं. 'फिफा २२'साठी पूर्ण २२ जणांना सेन्सरचे सूट घालून मॅच खेळवली आणि त्यातून कॉम्प्युटरला हालचाली शिकवल्या.

इथे एक गंमत आहे. या २२ जणांच्या हालचालींतून जे तयार झालं ते माणसाचं पळणं होतं, अमक्या माणसाचं नव्हे. सगळे जास्त खरे दिसू लागले आणि त्याच कारणाने जास्त सारखेही. हुबेहूबपणा आणि वेगळेपण एकाच दिशेने जातात असं आपण धरून चालतो, पण तसं होतंच असं नाही.

खरा घाव मात्र 'अल्टिमेट टीम'ने घातला. २००९ मध्ये 'फिफा'त आलेल्या या मोडमध्ये खेळाडू म्हणजे कार्ड, आणि खेळायचं ऑनलाइन, अनोळखी माणसाशी. जिंकायचं असेल तर रिकेल्मेशी जुळवून घ्यायला वेळ कोणाला आहे? जगभरातले लोक लगेच शोधून काढतात की यंदाच्या गेममध्ये कोणता गुण सर्वांत जास्त चालतो, आणि मग आठवड्याभरात सगळ्यांच्या टीममध्ये तेच अकरा. वर्षानुवर्षं हा गुण होता निव्वळ वेग. 'फिफा २३'ने यावर उपाय म्हणून पळण्याचे तीन प्रकार केले. खेळाडूची उंची, ताकद, चपळाई यांच्या आकड्यांवरून प्रकार ठरणार. हेतू वेगळेपणाचाच. झालं काय? 'लेंग्थी' प्रकारातले धिप्पाड डिफेंडर लांब पल्ल्यात चपळ विंगरना गाठू लागले, आणि सगळे धिप्पाडांच्या मागे लागले. वेगळेपणासाठी आणलेला नियम महिन्याभरात नव्या सारखेपणाचा साचा झाला.

मोबाइलवर तर याचं दुसरं टोक दिसतं. ईफुटबॉलमध्ये 'गोल पोचर', 'होल प्लेयर' अशी खेळण्याची शैली प्रत्येकाला चिकटवलेली आहे. पेसच्या जुन्या विचारांचा हा धागा अजून शिल्लक आहे आणि मला तो आवडतो. पण मेस्सी एक नाही. या मोसमाचा मेस्सी, त्या फायनलचा मेस्सी, तरुण मेस्सी, आणि प्रत्येक कार्ड मिळवायला नव्याने नशीब आजमावायचं. एका माणसाचं वेगळेपण किती तुकड्यांत विकता येईल हे पाहायचं असेल तर फोन उघडा.

या बाजारात खालच्या मजल्यावर कोण राहतं? 'फिफा २२'मध्ये इंडियन सुपर लीग आली. मुंबई सिटी आणि एफसी गोवा स्क्रीनवर, खऱ्या नावांनी, खऱ्या जर्सीत. पहिल्यांदा ते पाहून ऊर भरून आला हे कबूल करायला हरकत नाही. पण बहुतेक भारतीय खेळाडूंची कार्डं 'ब्राँझ', म्हणजे तळाच्या गटातली. रेटिंग कमी असण्याबद्दल माझी तक्रार नाही. मेस्सीशी तुलना कोण करतंय? तक्रार अशी की तळाशी सगळे आकडे एकमेकांना चिकटून बसतात. कास्तोलो आणि मिनांदात जेवढा फरक होता, तेवढाही फरक इथल्या दोन खऱ्या माणसांत जाणवत नाही. वेगळं पळणं, वेगळा चेहरा हे सगळं ज्यांचं कार्ड विकलं जातं त्यांच्यासाठी राखून ठेवलेलं.

फातोर्ड्याच्या स्टेडियममध्ये वरच्या रांगेत बसलेला माणूस पाठीवरचा नंबर न वाचता आपला मिडफिल्डर ओळखतो, खांदा थोडा पाडून पळतो तो, किंवा पास देण्याआधी एकदा थांबतो तो. गेममध्ये त्याच मिडफिल्डरचं नाव बंद केलं, की तो इंग्लंडच्या चौथ्या श्रेणीतल्या कोणत्याही मिडफिल्डरसारखा पळत सुटतो, त्याच साच्यातले हात हलवत.