खानदेशातला हिवताप आणि काचेवरचा थेंब

सातपुड्याचा पायथा आणि साक्री-नवापूरकडचा डोंगराळ मुलूख हिवतापासाठी पूर्वापार बदनाम. १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्येही या भागातल्या तापाची नोंद आहे. त्या काळी दोष दिला जाई तो हवापाण्याला. त्याच वर्षी नोव्हेंबरात लाव्हेरान या फ्रेंच लष्करी डॉक्टरने अल्जेरियात रुग्णाच्या रक्तात हिवतापाचे परजीवी पाहिले आणि तापाचे निदान सूक्ष्मदर्शकाच्या हाती आले.

हे यंत्र बाहेर नेता यावे, ही धडपडही जुनीच आहे. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत डासाच्या पोटात परजीवी शोधणाऱ्या रोनाल्ड रॉसने प्रवासात नेण्याजोगा लहान सूक्ष्मदर्शक स्वतः आखून लंडनच्या बेकर कंपनीकडून करवून घेतला होता. १९३० च्या दशकात जॉन मॅकार्थर या ब्रिटिश डॉक्टरने लोलकांनी प्रकाशाची वाट वळवून कॅमेऱ्याएवढा सूक्ष्मदर्शक घडवला. त्यात नमुन्याची काच उलटी, वरून ठेवायची. आरशावर ऊन घेतले की काम भागे.

खानदेशात मात्र यंत्र गावोगाव फिरले नाही. फिरला तो रक्ताचा थेंब. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि १९५८ मध्ये त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले. त्यानंतर आरोग्य कर्मचारी ठरावीक दिवसांनी घरोघर जाऊन ताप आलेल्याचे रक्त घेऊ लागला आणि भिंतीवर भेटीची तारीख टाकू लागला. बोट स्पिरिटने पुसायचे, सुई टोचायची, पहिला थेंब टिपून टाकायचा. मग काचेच्या एका बाजूला जाड ठिपका आणि दुसऱ्या बाजूला, दुसऱ्या काचेच्या कडेने ओढलेला, पातळ थर. पातळ थरावरच पेन्सिलीने क्रमांक. संशयिताला क्लोरोक्विनच्या गोळ्या तिथेच मिळत. काच जाई प्रयोगशाळेत. तिथे जसवंत सिंग आणि भट्टाचारजी यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जेएसबी रंगाने ती रंगवून, तेलाचा थेंब टाकून, हजारपट मोठी करून पाहिली जाई.

ही पद्धत स्वस्त होती आणि एका तंत्रज्ञाच्या टेबलावर अनेक गावांचे रक्त पोचत होते. पण खानदेशच्या हवेत तिची कसोटी लागे. उघड्या काचेवरचे ओले रक्त माश्या-मुंग्या खातात. पावसाळी दमटपणात ते लवकर वाळत नाही. आणि उन्हाळ्याच्या झळांत जाड ठिपका काचेला असा घट्ट बसतो की रंगवताना त्यातला लाल रंग सुटतच नाही. नदीनाल्यांना पूर आला की धडगाव-अक्राणीकडच्या काचा अडकून पडत. अहवाल येईपर्यंत रुग्ण कामाच्या शोधात गुजरातेत गेलेला असे, ही अडचण यंत्रापेक्षा मोठी होती.

देशात १९५३ पूर्वी वर्षाला सुमारे साडेसात कोटी रुग्ण आणि आठ लाख मृत्यू असा अंदाज होता. १९६५ पर्यंत रुग्ण लाखाच्या घरात आले, पण १९७६ मध्ये पुन्हा ६४ लाखांवर गेले. कीटकनाशकांना आणि औषधांना दाद न देणारे डास आणि परजीवी जसे याला जबाबदार होते, तशीच वेळेवर न वाचलेली रक्तनमुन्यांची थप्पीही.

खानदेशाच्या याच डोंगराळ पट्ट्यातल्या भिल्ल, पावरा समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक दोष आढळतो. एकाच पालकाकडून तो गुण आलेल्या माणसाला तीव्र हिवतापापासून काहीसे संरक्षण मिळते, हे अ‍ॅलिसनने १९५४ मध्ये आफ्रिकेतल्या पाहणीतून दाखवले. सिकलसेलच्या चाचणीत सोडियम मेटाबायसल्फाइट मिसळलेल्या थेंबात लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात. हे पाहायला हिवतापाइतकी मोठी प्रतिमा लागत नाही, म्हणून साधा, उचलता येणारा सूक्ष्मदर्शकही इथे चालतो. वाहक कोण आणि रुग्ण कोण, हे मात्र त्यातून ठरत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिससारखी तपासणी लागते.

२०१४ मध्ये मनू प्रकाश यांच्या स्टॅनफर्डमधील गटाने मांडलेल्या फोल्डस्कोप या कागदी सूक्ष्मदर्शकाचा गाजावाजा भारतातही झाला. विकला जाणारा फोल्डस्कोप सुमारे १४० पट मोठे दाखवतो. शाळेसाठी तो उत्तम, पण हिवतापाच्या निदानाला अपुरा. पाड्यावरचे निदान खरे सोपे केले ते आशाताईंच्या हातातल्या चाचणीपट्टीने. पंधरा-वीस मिनिटांत उत्तर मिळते, वीज लागत नाही. परंतु हिवतापाच्या परजीवीची फाल्सिपॅरम ही जात ओळखणारी पट्टी उपचारानंतरही काही आठवडे होकार देत राहते आणि रक्तात परजीवी किती आहेत हे सांगत नाही. त्यामुळे प्राथमिक आरोग्य केंद्रातला सूक्ष्मदर्शक आणि रक्ताची काच अजून वापरात आहेत.