थीब्जचे रहस्य आणि वाचकांची पत्रे
अगाथा ख्रिस्ती यांनी इजिप्तविद्यातज्ज्ञ स्टीफन ग्लॅनव्हिल यांच्या सूचनेवरून लिहिलेल्या ‘डेथ कम्स ॲज दि एंड’ या कादंबरीचे कथानक इ.स.पूर्व २००० च्या सुमारास थीब्ज या प्राचीन इजिप्शियन नगरात घडते आणि उत्खननात सापडलेल्या हेकानख्त नावाच्या कुटुंबप्रमुखाच्या पत्रांवर ते बेतलेले आहे. १९४४ मध्ये समीक्षक एडमंड विल्सन यांनी ‘न्यू यॉर्कर’ साप्ताहिकात तिच्याविषयी तीव्र निराशा व्यक्त केली, तेव्हा रहस्यकथेच्या, म्हणजे गुन्ह्याच्या उलगड्यावर उभ्या असलेल्या साहित्यप्रकाराच्या, चाहत्यांनी निषेधाची बरीच पत्रे धाडली आणि अनेकांनी डोरोथी सेयर्स यांची ‘द नाइन टेलर्स’ वाचण्याचा आग्रह धरला. १९४५ च्या लेखात विल्सन यांनी तीही नापसंत ठरवली. तरीही वाचकांची आपल्या साहित्यप्रकारावरील निष्ठा नोंदवणारा हा पत्रव्यवहार वाचनाच्या इतिहासातील मोलाचा पुरावा ठरतो.