भाडं ८ हजार, बिल १५ हजार! सुट्टीत बंगला किंवा होमस्टे घेताना छुपे पैसे आणि डिपॉझिट कसं ओळखाल?

पोरांना सुट्टी लागली, शेतातली कामं जरा आटोपली की गावागावांतून कोकणात, अलिबागला, महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्या निघतात. पूर्वी मुक्काम म्हटला की देवस्थानचा भक्त निवास किंवा एसटी स्टँडजवळचं लॉज. आता आठ-दहा जणांचं कुटुंब असलं तर आख्खा बंगला किंवा होमस्टे मोबाइलवरच ठरतो. फोटो बघितला, भाव बघितला, फोन पे वरून अ‍ॅडव्हान्स टाकला, झालं.

खरी अडचण तिथं पोचल्यावर सुरू होते. जाहिरातीत एक भाव असतो आणि निघताना हातात पडणारं बिल वेगळंच असतं. वर डिपॉझिट अडकतं ते निराळं. यात प्रत्येक वेळी फसवणूकच असते असं नाही. बऱ्याचदा मालकाने अटी कुठेतरी बारीक अक्षरात लिहिलेल्या असतात आणि आपण विचारलेलं नसतं. पण सहा महिने भिशीत साठवलेले पैसे दोन दिवसांत संपतात आणि परतीच्या डिझेलला पाहुण्यांकडून उसने घ्यायची वेळ येते.

आधी हिशोब बघा

समजा, दहा माणसांचं कुटुंब दोन रात्रींसाठी समुद्राजवळ बंगला घेतंय. जाहिरातीत लिहिलंय, 'रात्रीला ४,००० रुपये'. म्हणजे ८,००० रुपयांत काम झालं, माणशी ८०० रुपये पडले, असं वाटतं. प्रत्यक्षात बिल असं होऊ शकतं :

- दोन रात्रींचं भाडं : ८,००० रुपये
- भाव सहा माणसांचा होता. जादा ४ माणसं, माणशी रात्रीला ५०० : ४,००० रुपये
- शनिवारच्या रात्रीचा जादा दर : १,००० रुपये
- साफसफाई : ८०० रुपये
- स्वयंपाकघर आणि गॅस : ५०० रुपये
- एसी, रात्रीला ३०० : ६०० रुपये

एकूण झाले १४,९०० रुपये. माणशी जवळपास दीड हजार. वर ५,००० रुपये डिपॉझिट धरलं तर घरातून निघताना जवळ १९,९०० रुपये हवेत. यालाच म्हणतात नाकापेक्षा मोती जड. यातली एकही रक्कम एकटी बघितली तर फार मोठी नाही. सगळ्या मिळून भाडं दुप्पट करतात.

पैसे कुठे कुठे वाढतात?

जादा माणूस : सगळ्यात मोठा फटका इथेच बसतो. भाव किती माणसांचा आहे ते विचारा. लहान मुलं किती वयापर्यंत फुकट तेही विचारा. कुठे पाच वर्षांपर्यंत सूट असते, कुठे दहा. जादा गादीचे पैसे वेगळे घेतात का, हेही बघा.

वार आणि सण : शनिवार-रविवार, दिवाळीनंतरचा आठवडा, ३१ डिसेंबर या दिवसांचा दर वेगळा असतो. जाहिरातीतला भाव बहुतेक मधल्या वाराचा असतो.

वेळ : दुपारी १२ किंवा १ ला आत सोडतात आणि सकाळी १० ला खोली रिकामी करायला सांगतात. पहाटे पोचलात किंवा निघायला दुपार झाली तर अर्ध्या दिवसाचे पैसे लागू शकतात.

सोयी : एसी, गरम पाणी, जनरेटर, शेगडी, स्विमिंग पूल, स्पीकर. फोटोत दिसतंय म्हणजे भाड्यात आलंच असं नाही.

गाडी आणि ड्रायव्हर : भाड्याची गाडी असेल तर ड्रायव्हरची झोपायची आणि जेवायची सोय कुठे, पार्किंगचे पैसे किती, हे आधीच बोलून घ्या.

जेवण : 'घरगुती जेवण मिळेल' असं लिहिलेलं असतं, पण थाळीचा दर लिहिलेला नसतो. काही ठिकाणी जेवण तिथेच घ्यायची सक्ती असते. मासळीचा भाव रोज बदलतो, तो त्या दिवशी ऑर्डर देण्याआधी विचारा.

मालकाने या गोष्टींचे पैसे घेणं चुकीचं नाही. गाद्या धुवायला, वीज भरायला त्यालाही खर्च आहे. चूक आहे ती आधी न सांगण्यात. रात्री नऊ वाजता पोरंबाळं आणि सामान घेऊन गेटवर उभं असताना माणूस काय भांडणार? अडला हरी, अशी गत होते. म्हणून बोलणं घरून निघायच्या आधी झालं पाहिजे.

अ‍ॅपवरून बुकिंग करताना

अ‍ॅपवर पहिल्या पानावर कमी भाव दिसतो. पुढे जाल तशी फी, टॅक्स, साफसफाई वाढत जाते आणि शेवटच्या पानावर खरी रक्कम येते. या प्रकाराला 'ड्रिप प्रायसिंग' म्हणतात. नळाला थेंब थेंब पाणी यावं तसा भाव वाढतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ऑनलाइन फसव्या युक्त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात अशा १३ प्रकारांना मनाई आहे आणि ड्रिप प्रायसिंग त्यातलाच एक.

आणखी दोन प्रकार ओळखून ठेवा. न विचारता विमा किंवा देणगीच्या चौकोनात आधीच टिक मारून ठेवणं हा एक. ती टिक काढून टाका. 'शेवटची एकच खोली शिल्लक' असं खोटं सांगून घाई करायला लावणं हा दुसरा. हे दोन्हीही त्याच यादीत आहेत.

दोन अ‍ॅपवरच्या भावांची तुलना करताना पहिल्या पानावरचा आकडा बघू नका. दोन्हीकडे पैसे भरायच्या पानापर्यंत जा, शेवटची रक्कम बघा, स्क्रीनशॉट काढा आणि मग ठरवा. तिथपर्यंत जायला पैसे लागत नाहीत.

जीएसटी कुणी घ्यायचा?

२२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंत भाडं असलेल्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे. त्यापेक्षा जास्त भाडं असेल तर १८ टक्के. पण ज्याच्याकडे जीएसटी नंबर नाही, त्याला जीएसटीच्या नावाने पैसे घेता येत नाहीत. साध्या कागदावर 'टॅक्स' लिहून पैसे मागितले तर पक्कं बिल मागा. त्यावरचा १५ अक्षरी नंबर जीएसटीच्या सरकारी वेबसाइटवर टाकला की नोंदणी खरी आहे का ते लगेच कळतं. अ‍ॅपवरून बुकिंग केलं असेल तर मालकाकडे नंबर नसला तरी अ‍ॅप चालवणारी कंपनी जीएसटी घेते आणि भरते, त्यामुळे तिथे टॅक्स दिसला तर गोंधळू नका. परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर मात्र जीएसटी लागत नाही.

डिपॉझिट म्हणजे फी नव्हे

डिपॉझिट हे तुमचेच पैसे असतात. काही मोडलं, फुटलं तर भरपाई व्हावी म्हणून मालक ते तात्पुरते ठेवून घेतो. नुकसान झालं नसेल तर ते पूर्ण परत मिळायला हवं. नुकसान झालं असेल तर वाजवी भरपाई कापता येते. ५० रुपयांचा ग्लास फुटला म्हणून ५,००० रुपये ठेवून घेता येत नाहीत. करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ मध्येही वाजवी भरपाईचीच गोष्ट आहे. करारात दंडाचा आकडा लिहिला म्हणून तो आख्खा मिळतोच असं नाही.

डिपॉझिट वाचवायचं असेल तर :

१. पैसे रोख देऊ नका, यूपीआयने द्या आणि शेरा म्हणून 'डिपॉझिट' लिहा. भाडं आणि डिपॉझिट वेगवेगळं पाठवा.
२. आत शिरल्या शिरल्या, सामान ठेवायच्या आधी, मोबाइलवर सगळ्या खोल्यांचा व्हिडिओ काढा. टीव्ही, काचा, गाद्यांवरचे डाग, नळ, आरसा दाखवा. तो लगेच मालकाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा.
३. वीज मीटरप्रमाणे घेणार असतील तर मीटरचा फोटो येताना आणि जाताना काढा.
४. निघताना केअरटेकरला बरोबर घेऊन खोल्या दाखवा. डिपॉझिट शक्यतो तिथेच, गाडीत बसायच्या आधी परत घ्या.
५. 'दोन दिवसांत टाकतो' म्हणाले तर किती रक्कम, कोणत्या तारखेला, हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या.
६. आधार कार्ड किंवा लायसन्स दाखवा, झेरॉक्स द्या, पण डिपॉझिट म्हणून मूळ कागद ठेवू नका.

बुकिंगआधी हा मेसेज पाठवा

खालचा मेसेज कॉपी करा आणि आपली माणसं, तारखा टाकून मालकाला पाठवा :

'नमस्कार. आम्ही मोठी ७ आणि लहान ३ (वय ४, ८, ११) अशी १० माणसं आहोत. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार सकाळ, २ रात्री राहणार. सगळं धरून एकूण किती रुपये होतील? त्यात साफसफाई, जादा गाद्या, गॅस, एसी, जनरेटर, पार्किंग, ड्रायव्हरची सोय आणि टॅक्स आला का? डिपॉझिट किती, कशासाठी कापणार आणि परत कधी देणार? बुकिंग रद्द केलं तर किती पैसे परत मिळतील? कृपया इथेच लिहून कळवा.'

फोनवर बोललेलं नंतर दोघांनाही आठवत नाही. लिहिलेलं राहतं. जो मालक लिहून द्यायला टाळाटाळ करतो, त्याच्याकडे अ‍ॅडव्हान्स टाकायच्या आधी दोनदा विचार करा.

बंगलाच नसला तर?

दुसऱ्याच्या बंगल्याचे फोटो लावून अ‍ॅडव्हान्स उकळणारेही आहेत. व्हिडिओ कॉलवर घर दाखवायला सांगा. नकाशावर ठिकाण बघा, गावातल्या ओळखीच्या माणसाला विचारा. 'डिपॉझिट परत पाठवतो, क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका' असं कुणी म्हणालं तर फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर, तितकी पैसे रोखून धरण्याची शक्यता कमी.

तक्रार कुठे करायची?

पहिल्यांदा मालकाला किंवा अ‍ॅपला लेखी कळवा आणि उत्तरासाठी तारीख द्या. काम झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा किंवा ८८००००१९१५ या नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप करा. त्यानेही सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, बंगला कोकणात असला तरी तिथे हेलपाटे घालायला नकोत. घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार हवी. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. तक्रार 'ई-जागृती' पोर्टलवरून ऑनलाइनही करता येते. पावती, स्क्रीनशॉट, मेसेज आणि व्हिडिओ जपून ठेवले असतील तरच पुढची गाडी चालते.

आपल्याकडे पाहुणे ठेवणाऱ्यांनीही

राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं. तेव्हापासून अनेक शेतकरी शेतावर खोल्या बांधून पाहुणे ठेवतायत. हाच नियम त्यांनाही लागू. किती माणसांचा भाव, जादा माणसाचे किती, जेवणाचे किती, डिपॉझिट परत कधी, याचा एक बोर्ड दारात लावा आणि तोच फोटो बुकिंगवेळी पाठवा. भाव थोडा जास्त असला तरी पाहुणा परत येतो. निघताना बिलावरून वाजलं तर तो पुन्हा येत नाही आणि दहा जणांना सांगतो.